मंद दीर्घिकांचं छायाचित्रण: आधी आकाश मोजायला शिका

उत्तरा_फाल्गुनी

शामशबलातली एम ५१ आणि सप्तर्षींतली एम १०१, मेसिएच्या यादीतल्या (म्हणून 'एम') दोन दीर्घिका. दोन्ही सर्पिल, दोन्ही समोरून दिसणाऱ्या, दोन्ही मरीची ताऱ्याच्या आसपास. याद्यांमध्ये एम ५१ ची प्रत ८.४ असते आणि एम १०१ ची ७.९. आकडा लहान तितकी वस्तू तेजस्वी, म्हणून नवीन माणूस साहजिकच एम १०१ वर कॅमेरा लावतो आणि तासाभराने स्क्रीनवर काहीच दिसेना म्हणून हिरमुसतो. एम ५१ मात्र अर्ध्या मिनिटाच्या एकाच फ्रेममध्येही पुसटशी ओळखू येते.

यादीतली प्रत ही अख्ख्या दीर्घिकेचा उजेड एका ठिपक्यात गोळा केला तर किती होईल त्याची असते. एम ५१ चा उजेड ११ बाय ७ कलांमध्ये (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मावतो. एम १०१ चा उजेड २९ बाय २७ कलांवर, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेवर पसरलाय. हिशेब केला तर एम ५१ सरासरी दर चौरस विकलेला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) २१.७ प्रतीची निघते आणि एम १०१ ची २३.८. तेवढ्याच जागेतून सातपट कमी उजेड.

आता आकाशाकडे या. मोठ्या शहराच्या आत आकाशाचा स्वतःचाच उजेड दर चौरस विकलेला १८ प्रतीच्या आसपास असतो. दिव्यांपासून लांब, अमावस्येच्या आगेमागे, चांगल्या रात्री तो २१.५ पर्यंत उतरतो. म्हणजे शहरातून एम १०१ टिपायला गेलात तर ती आकाशाच्या सुमारे दोनशेवा भाग असते, अर्धा टक्का! तुमच्या पिक्सेलमध्ये जमलेल्या दर दोनशे फोटॉनांतला एक दीर्घिकेचा, बाकीचे सोसायटीच्या आणि रस्त्याच्या दिव्यांचे. बाहेरचे हात तर याहून कितीतरी मंद.

म्हणूनच हा धागा. आपल्याकडे चर्चा होते ती कॅमेरा कोणता, दुर्बीण किती इंची, माउंट कोणता यावर. माझं म्हणणं असं की मंद दीर्घिका जमते की नाही हे तिच्या मागचं आकाश तुम्ही किती अचूक मोजता यावर ठरतं. एफ/२ ची लेन्स कोपऱ्यात मध्यापेक्षा बराच कमी उजेड देते. ही उतरण तुम्ही फ्लॅट फ्रेम्सने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोंनी) दुरुस्त करता. त्या दुरुस्तीत एक टक्क्याची जरी कसर राहिली, तरी ती कसरच तुमच्या दीर्घिकेच्या दुप्पट आहे. बटाट्याच्या काट्यावर केशर जोखण्यातला प्रकार. आधी काटा बारीक करायला हवा.

माझा क्रम सांगते. सगळ्यात आधी जागा. पार्श्वभूमीचा गोंगाट (नॉइज) हीच मुख्य अडचण असेल तर १८ च्या आकाशातून २१.५ च्या आकाशात गेल्यावर तेवढाच दर्जा मिळवायला एक पंचविसांश वेळ लागतो. अंधाऱ्या जागेतला एक तास म्हणजे गच्चीवरचे पंचवीस. तेवढा फरक कुठल्याही कॅमेऱ्याने पडत नाही. त्यानंतर एकूण वेळ. वेळ चौपट केला की गोंगाटाच्या तुलनेत संकेत दुप्पट होतो, म्हणून एका वस्तूवर रात्रभर थांबणं हे एका रात्रीत पाच वस्तू उरकण्यापेक्षा नेहमी चांगलं. तिसरं फ्लॅट्स. चौथं पार्श्वभूमी काढणं. फोटोला ताण देऊन उजळवणं, रंग, तीक्ष्णता वगैरे त्यानंतरचं.

लेन्सबद्दल एवढंच सांगते की विषय आणि फोकल लेंग्थ जुळली पाहिजे. ३.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा (निकॉन डी५३०० घ्या) आणि १३५ मिमी लेन्स असेल तर एका पिक्सेलमध्ये साधारण ६ विकला येतात. तीन अंश लांबीची देवयानी दीर्घिका (एम ३१) त्यात अठराशे पिक्सेल भरते, छान! एम ५१ जेमतेम ११० पिक्सेल. तीच ७५० मिमीच्या न्यूटोनियनने सहाशे पिक्सेलच्या वर जाते. सूत्र लक्षात ठेवा: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले फोकल लेंग्थ मिमीमध्ये.

फ्लॅट्स, सिरिल (फ्रेम्स एकावर एक रचायचं सॉफ्टवेअर), ग्रॅडियंट (चित्रातली आकाशाच्या उजेडाची उतरण), कशाबद्दलही विचारा. जमेल तसं सविस्तर लिहीन, इतर जाणकारांनीही भर घालावी.

सह्यवाट

ताई, जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली. ते अर्ध्या टक्क्याचं गणित डोक्यात फिट्ट बसलं.

मी ठाण्यात राहतो. निकॉनचा क्रॉप सेन्सर कॅमेरा आहे, ५० मिमी एफ/१.८ आहे, ७०-३०० ची झूम आहे, ट्रॅकर नाही. ट्रेकच्या निमित्ताने भंडारदरा, माळशेज, नाणेघाट भागात जाणं असतं. एवढ्यावर दीर्घिका जमेल का? आणि पुढचा खर्च करायचा झाला तर आधी कशावर करू?

उत्तरा_फाल्गुनी

@सह्यवाट, जमेल. ५० मिमी एफ/२.८ वर ठेवा, चार-पाच सेकंदांच्या फ्रेम्स, देवयानी मध्यभागी. ट्रॅकर नसल्यामुळे दर काही मिनिटांनी ती सरकेल, फ्रेम पुन्हा जुळवायची. अशा पाच-सहाशे फ्रेम्स काढून सिरिलमध्ये रचल्या की एम ३१ चा गाभा, तिची तबकडी आणि एम ११० सुद्धा वेगळी दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती संध्याकाळी उशिरा चांगली वर असते, शर्मिष्ठेच्या वरच्या अंगाला.

पहिला खर्च ट्रॅकर, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र. लेन्स नव्हे, कॅमेरा नव्हे. त्यानंतर सेकंडहँड १३५ मिमी. झूम लेन्स दीर्घिकांसाठी मंद पडते आणि उभी धरल्यावर तिचा फोकस घसरतो.

भंडारदऱ्याचं एक: तिथून मुंबई-ठाण्याचा उजेड नैऋत्येच्या बाजूला आणि नाशिकचा उत्तरेला येतो. त्यामुळे एम ८१-८२ सारख्या उत्तरेकडच्या जोड्या तिथून थोड्या धुवून निघतात. सिंह आणि कन्येतल्या दीर्घिका मात्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतात, तिथे आकाश सगळ्यात काळं असतं.

केप्लर_काका

सुंदर लेखन. उत्तराताई, तुमच्या मुद्द्याला इतिहासातलं पाठबळ आहे, म्हणून चार ओळी.

१८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची आरशाच्या दुर्बिणीतून देवयानीचं छायाचित्र घेतलं आणि तिच्यातले वळसे पहिल्यांदा कागदावर आले. त्याआधी १८४५ मध्ये आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची दुर्बिणीला डोळा लावून एम ५१ ची सर्पिल आकृती हाताने रेखाटली होती. डोळा क्षणाक्षणाला चित्र पुसून नवं घेतो, साठवत नाही. छायाचित्राची काच साठवते. सगळी प्रगती या साठवण्यात आहे.

फिल्मच्या काळात आमची अडचण वेगळी होती. मिनिटभरानंतर फिल्मची संवेदना मंदावत जाई. दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट उजेड नोंदला जात नसे. त्यावर उपाय म्हणून टेक्निकल पॅन फिल्म हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात गरम करून वापरत. मार्गदर्शक तारा उजळलेल्या फुलीच्या नेत्रिकेत (आयपीसमध्ये) धरून हाताने बटणं दाबत बसावं लागे, तासभर, मान वाकडी करून. आज पीएचडी२ हे सॉफ्टवेअर ते काम फुकट करतं.

पण मला सांगायचंय ते डेव्हिड मॅलिन यांच्याबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत ते छायाचित्रकार-शास्त्रज्ञ होते. त्यांच्या लक्षात आलं की सर्वात मंद उजेडाचे कण काचेवरच्या लेपाच्या अगदी वरच्या थरात असतात. त्यांनी पसरट उजेडात संपर्क-प्रती काढून तो वरचाच थर वेगळा उचलला, अनेक प्लेट्सच्या प्रती एकावर एक रचल्या, आणि आधीच घेतलेल्या प्लेट्समधून लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची पुसट कवचं बाहेर काढली. अरुंधती केशात त्यांनी शोधलेली अतिमंद, अवाढव्य दीर्घिका आज मॅलिन १ नावानेच ओळखली जाते. माहिती प्लेटवर होतीच. ती नीट बाहेर काढणं हे कौशल्य. आपण सिरिलमध्ये करतो ते याच कामाचं पुढचं रूप आहे.

गच्चीवरून

काकांचा प्रतिसाद फार आवडला.

माझा प्रश्न साधा आहे. मी पिंपरीत राहतो, गच्चीवर जायची परवानगी आहे, गाडी नाही, लहान मुलं आहेत, त्यामुळे महिन्यातून एकदा अंधाराकडे जाणं शक्य होत नाही. सीस्टार एस५० (कॅमेरा आत बसवलेली छोटी स्वयंचलित दुर्बीण) घेतली आहे. १० सेकंदांच्या फ्रेम्स घेते. एम ५१ छान आली, एम ३३ अजिबात येत नाही. शहरातून दीर्घिका हा विषय सोडून द्यावा का? आत एक फिल्टरही आहे, तो लावू का?

उत्तरा_फाल्गुनी

@गच्चीवरून, अजिबात सोडू नका.

फिल्टर आधी. तो आतला फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठराविक रंगरेषा सोडून बाकी उजेड अडवतो. तेजोमेघ त्याच रेषांमध्ये उजळतात, म्हणून तिथे तो जादू करतो. दीर्घिकेचा उजेड हा ताऱ्यांचा उजेड, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावलात तर शहराच्या उजेडाबरोबर दीर्घिकाही अडते. बंद ठेवा. अपवाद म्हणजे एम ३३ मधला एनजीसी ६०४ सारखा भव्य तेजोमेघ (एनजीसी हीसुद्धा 'एम'सारखीच एक सूची), तो फिल्टरमध्ये उठून दिसतो.

एम ३३ दर चौरस विकलेला साधारण २३ प्रतीची आहे, शिवाय लांबीला अंशाहून मोठी. सीस्टारचं क्षेत्र सव्वा अंश बाय पाऊण अंश आहे, त्यामुळे ती चौकट भरून टाकते आणि पार्श्वभूमी म्हणून मोजायला मोकळं आकाशच उरत नाही. तुमच्या जागेवरून छोट्या आणि दाट दीर्घिका निवडा: एम ८२, एम ६३, एम ९४, एम १०४, कडेने दिसणारी एनजीसी ४५६५. सिंहातली त्रयी म्हणजे एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ त्या चौकटीत मावते, आणि महाराष्ट्राच्या अक्षांशावरून जवळपास माथ्यावर येते.

सुट्या फ्रेम्स साठवण्याचा पर्याय चालू करा. यंत्राने रचलेलं चित्र पाहायला ठीक, पण नंतर सगळ्या रात्रींच्या फ्रेम्स एकत्र करता आल्या पाहिजेत. तीच वस्तू, महिनाभर, जमेल तेव्हा अर्धा तास. शहरातून हाच मार्ग आहे.

रेघोट्या

माझा थोडा वेगळा सूर. हे फोटो बघताना मला नेहमी वाटतं की हे कितपत खरं आहे? डोळ्यांनी दुर्बिणीतून बघितलं तर राखाडी धुरकट ठिपका. फोटोत मात्र निळे हात, पिवळा गाभा, गुलाबी टिकल्या. आणि आता एआयची साधनं आली आहेत. एका बटणात गोंगाट गायब, हात कोरीव. मग यात छायाचित्रण किती आणि चित्रकला किती?

केप्लर_काका

रंगांपुरतं उत्तर देतो. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून राखाडी दिसतं. उजेडाला रंग असतोच. गाभ्यात जुने, तुलनेने थंड तारे, म्हणून पिवळट. हातांत नवे तापलेले तारे, म्हणून निळसर. गुलाबी टिकल्या म्हणजे हायड्रोजनचे ढग, जिथे तारे जन्माला येतात. सिरिलमध्ये रंगांचं जे अंशशोधन (कॅलिब्रेशन) होतं त्यात तुमच्या चौकटीतल्या ताऱ्यांचे रंग गाया उपग्रहाच्या सूचीतल्या रंगांशी ताडून पाहिले जातात. त्यात तुमच्या आवडीनिवडीला वाव नसतो.

उत्तरा_फाल्गुनी

@रेघोट्या, प्रश्न रास्त आहे, आणि मला त्यावर ठाम मत आहे.

गोंगाट थोडा कमी करायला हरकत नाही. पण जी साधनं हजारो चांगल्या चित्रांवर शिकून तुमच्या चित्रात तपशील 'पुरवतात', ती दीर्घिकेवर वापरू नयेत. एम ५१ कशी दिसते हे त्या साधनाला आधीच ठाऊक असतं. ते तुमच्या चित्रात दुसऱ्याच दुर्बिणीचे हात बसवतं. मंद भागात तर हा धोका दुप्पट, कारण तिथे गोंगाट आणि दीर्घिकेचा खरा पुसट दोरा यांत फरक करायला आधारच थोडा असतो.

स्वतःला तपासायची एक पद्धत मी प्रत्येक चित्रावर वापरते. रात्रभराच्या फ्रेम्सचे दोन गट करायचे, सम क्रमांकाच्या एकीकडे, विषम एकीकडे. दोन्ही गट वेगवेगळे रचायचे, तोच ताण द्यायचा. जो मंद दोरा दोन्ही चित्रांत त्याच जागी, त्याच आकारात दिसतो तो विश्वासार्ह. एकातच दिसला तर तो गोंगाट. ही तपासणी फुकट आहे, दहा मिनिटांची आहे आणि कोणत्याही वादाला पुरून उरते. मात्र फ्लॅटमधली कसर दोन्ही गटांत सारखीच येते, ती यातून सापडत नाही. त्यासाठी कॅमेरा ९० अंशांत फिरवून काही फ्रेम्स घ्यायच्या. आकाशातला दोरा आकाशाबरोबर राहतो, लेन्समधला डाग कॅमेऱ्याबरोबर फिरतो.

मेघनाद

मी आयर्लंडमध्ये असतो, काकांनी लॉर्ड रॉस यांचं नाव काढल्यावर राहवलं नाही. बर किल्ल्याच्या बागेत ती ७२ इंची दुर्बीण आजही दोन उंच दगडी भिंतींच्या मधे उभी आहे. भिंतींमुळे ती फक्त उत्तर-दक्षिण रेषेजवळच फिरू शकते, वस्तू मध्यमंडलावर येईपर्यंत वाट बघायची. त्यात इथलं हवामान! महिन्यात धड दोन रात्री मिळत नाहीत. त्या ढगांखाली बसून माणसाने सर्पिल ओळखली याचं मला फार कौतुक वाटतं.

उत्तराताई, सिरिलमधली तुमची प्रत्यक्ष कृती लिहाल का? विशेषतः ग्रॅडियंट काढताना माझ्या दीर्घिकेभोवती काळं कडं तयार होतं.

उत्तरा_फाल्गुनी

@मेघनाद, ते काळं कडं बहुतेकांच्या चित्रात असतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

पार्श्वभूमी काढताना सॉफ्टवेअर चित्रभर छोटे चौकोन टाकतं आणि तिथला उजेड म्हणजे रिकामं आकाश असं धरतं. त्यातून एक पृष्ठभाग बनवून तो मूळ चित्रातून वजा करतं. आता एखादा चौकोन दीर्घिकेच्या मंद कडेवर पडला तर त्या कडेलाही ते आकाश समजतं आणि नेमकी तीच वजा होते. मध्ये उजळ गाभा, त्याभोवती काळं कडं, बाहेर पुन्हा करडं आकाश. ज्यासाठी रात्र जागलात तोच भाग तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता.

उपाय असा. आधी चित्र फक्त पाहण्यापुरतं ऑटोस्ट्रेचवर टाका, उलटं करा म्हणजे पांढऱ्यावर काळी दीर्घिका. डोळ्याला मंद काळं पांढऱ्यावर पटकन कळतं. मग दीर्घिका जिथवर दिसते त्याच्या दुप्पट अंतरापर्यंतचे सगळे चौकोन हाताने काढून टाका. मोठ्या ताऱ्यांभोवतीचेही काढा. उरलेल्यांवर आधी पहिल्या घाताचं बहुपद वापरून बघा, म्हणजे एक साधी तिरकी उतरण. शहराचा उजेड बहुधा तेवढ्यातच जातो. वक्र पृष्ठभाग लागलाच तर शेवटी, आणि कमीत कमी वाकवून. देवयानी चौकट भरते तेव्हा पहिल्या घाताच्या पुढे मी जात नाही.

रात्रभरात वस्तू पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते आणि उजेडाची दिशा चौकटीत फिरत राहते. म्हणून हीच पहिल्या घाताची वजाबाकी रचण्यापूर्वी प्रत्येक फ्रेमवर केली तर रचलेल्या चित्रात वेडेवाकडे उतार उरत नाहीत. यासाठी सिरिलमध्ये मालिकेवर लागू करण्याची सोय आहे.

बाकी क्रम सरळ: डार्क (टोपण लावून, तेवढ्याच वेळाची फ्रेम) वजा, फ्लॅटने भागाकार, ताऱ्यांवरून जुळवणी, सिग्मा क्लिपिंग लावून रचणं (विमानं आणि उपग्रहांच्या रेघा त्यात जातात), पार्श्वभूमी, रंगांचं अंशशोधन, आणि मग ताण. ताणासाठी सामान्यीकृत हायपरबोलिक. त्यात कोणत्या उजेडाच्या पातळीला सर्वाधिक ताण द्यायचा हे सांगता येतं. ती पातळी आकाशाच्या किंचित वर ठेवा आणि ताण थोडा थोडा, अनेकदा द्या. आकाश पूर्ण काळं करू नका. काळ्यात गेलेला उजेड परत येत नाही.

सह्यवाट

फ्लॅट्स कसे घ्यायचे ते अजून सांगितलं नाहीत. आणि माझ्या मित्राच्या चित्रात फ्लॅट लावल्यावर कोपरे उलट उजळ झाले, ते का?

उत्तरा_फाल्गुनी

सत्राच्या शेवटी, काहीही न हलवता. फोकस तोच, एफ-आकडा तोच, कॅमेऱ्याचा लेन्सशी कोन तोच, हूड लावला असेल तर हूडही तसाच. झुंजुमुंजू झालं की धुतलेला पांढरा सुती टी-शर्ट दुहेरी घडी करून लेन्सच्या तोंडावर ताणून बसवा, रबरबँडने. एकही सुरकुती नको. कॅमेरा माथ्याकडे, सूर्य उगवायच्या बाजूला नाही. आयएसओ रात्रीचाच. हिस्टोग्रामचा डोंगर मध्याच्या आसपास येईल असा वेळ निवडा आणि तीस-चाळीस फ्रेम्स घ्या. दर काही फ्रेम्सनंतर टी-शर्ट थोडा फिरवा म्हणजे कापडाचा पोत सरासरीत निघून जातो. उजेड भराभर वाढत असतो, म्हणून हात चलाख हवा. लगेच टोपण लावून सर्वात कमी वेळाच्या बायस फ्रेम्स उरकून घ्या.

कोपरे उजळ होण्याचं कारण सहसा एकच: लाइट फ्रेम्समधून (आकाशाच्या मूळ फ्रेम्समधून) बायस किंवा डार्क वजा न करताच फ्लॅटने भागलेलं असतं. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलला एक ठराविक आकडा आधीच जोडतो. तो उजेड नसतो, तरी भागाकारात कोपऱ्यांत तोही फुगतो. उलट फ्लॅट्समधून बायस वजा करायचा राहिला तर कोपरे काळेच राहतात. मित्राला फोल्डर तपासायला सांगा.

निरभ्र

उन्हाळ्याबद्दल भर घालतो. दीर्घिकांचा खरा मोसम आपल्याकडे मार्च ते मे, आणि तेव्हाच रात्रीही तापलेल्या असतात. सेन्सरमधला उष्णतेचा गोंगाट साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. थंड न होणाऱ्या डीएसएलआरसाठी डार्क्स त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्यावे लागतात, जानेवारीतले डार्क्स मे महिन्यात चालत नाहीत. स्क्रीन बाहेर फिरवून ठेवली आणि लाइव्ह व्ह्यू बंद ठेवला तरी फरक पडतो. दर दोन-चार फ्रेम्सनंतर चौकट थोडी सरकवणं, म्हणजे डिदरिंग, हे तर डार्क्सपेक्षाही मोलाचं. नाहीतर रचलेल्या चित्रात तिरके ओघळ दिसतात.

धूळ आणि आर्द्रता वेगळी. एप्रिल-मे मध्ये क्षितिजापासून बराच वरपर्यंत पांढुरका थर असतो, म्हणून माथ्याजवळच्या वस्तू घ्या. सिंह, कन्या, अरुंधती केश. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेल घालून डब्यात ठेवा, बुरशी लागली तर कोपऱ्यांतले फ्लॅट्सही तिला झाकू शकत नाहीत.

विदर्भातल्या मंडळींसाठी: पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं. नागपूरकरांनी एवढं जवळचं आकाश वाया घालवू नये.

गच्चीवरून

२०२३ च्या मे महिन्यात एम १०१ मध्ये अतिनवतारा उजळला होता ना? जपानच्या कोइची इतागाकी यांनी १९ मे ला शोधला. तेव्हा माझ्याकडे काही नव्हतं, पण अशा वेळी गच्चीवरूनही काही उपयोगाचं करता येतं का?

केप्लर_काका

नक्कीच. तो एसएन २०२३आयएक्सएफ. अकराव्या प्रतीपर्यंत चढला होता, म्हणजे तुमच्या यंत्राच्या सहज आवाक्यात. अतिनवतारा हा ठिपका असतो, त्याचा उजेड पसरलेला नसतो, त्यामुळे जी दीर्घिका शहरातून दिसत नाही तिच्यातला अतिनवतारा दिसू शकतो. म्हणून आवडत्या दहा-बारा दीर्घिकांचं चांगलं चित्र आधीच साठवून ठेवावं. पुढे केव्हाही तुलना करता येते.

आणि हौशी लोकांच्या योगदानाबद्दल शंका नसावी. २०२३ मध्ये स्ट्रॉटनर, ड्रेक्सलर आणि सेंटी यांनी १०६ मिमीच्या दुर्बिणीने देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या उजेडाची लांबलचक कमान दाखवून दिली. देवयानी म्हणजे आकाशातली सर्वाधिक टिपलेली दीर्घिका, आणि तरी ती कमान कुणाला सापडली नव्हती. तिकडे ड्रॅगनफ्लाय या व्यावसायिक प्रकल्पाने बाजारात मिळणाऱ्या ४०० मिमी एफ/२.८ च्या कॅनन लेन्स एकत्र जोडून २०१५ मध्ये कोमा दीर्घिकासमूहात ४७ अतिविरळ दीर्घिका शोधल्या. मोठ्या आरशाऐवजी लेन्स का? कारण त्यांच्यात इकडेतिकडे विखुरणारा उजेड कमी. पुन्हा उत्तराताईंचाच मुद्दा, पार्श्वभूमी स्वच्छ ठेवण्याचा.

रेघोट्या

सम-विषम गटांची युक्ती मला पटली. एम ६६ च्या माझ्या भावाने काढलेल्या फ्रेम्सवर करून पाहिली. एनजीसी ३६२८ च्या कडेने जी पुसट शेपटी आम्हाला दिसत होती ती विषम गटात स्पष्ट आहे, सम गटात अर्धीच. आता काय समजायचं?

उत्तरा_फाल्गुनी

वा, नेमकी अवघड वस्तू निवडलीत! ती शेपटी खरी आहे. शेजारणीच्या ओढीने बाहेर खेचल्या गेलेल्या ताऱ्यांची, सुमारे ३ लाख प्रकाशवर्षं लांब. एनजीसी ३६२८ च्या पूर्वेकडे जाते. पण ती आकाशात खरी आहे एवढ्याने तुमच्या चित्रात ती खरी ठरत नाही. एका गटात अर्धी दिसते याचा अर्थ संकेत गोंगाटाच्या काठावर आहे.

दोन गोष्टी करा. दोन्ही गटांची चित्रं २ बाय २ बिनिंग करून बघा. शेपटी रुंद आणि मऊ आहे, तिला बारीक पिक्सेल लागत नाहीत, आणि चार पिक्सेल एकत्र केले की गोंगाट निम्म्यावर येतो. तरीही सम गटात अर्धीच राहिली तर भावाला पुढच्या अमावस्येला त्याच चौकटीवर परत पाठवा, कॅमेरा ९० अंशांत फिरवून. एकूण वेळ किती झालाय आणि कुठून घेतलंय तेही कळवा. शहरातून असेल तर मी अजून तास घालायला सांगणार नाही, जागा बदलायला सांगेन.